सेंट मारून कुठं निघालीस?

संपलेली सेंटची बाटली कुठलीच बाई लगेच टाकून देत नाही. बघा हं आठवून. शॅम्पूची बाटली रिकामी झाली की भंगारात जाते, लोणच्याची बरणी घासूनपुसून डाळीसाठी ठेवली जाते. पण सेंटची बाटली झाकण काढून साड्यांच्या घड्यांत जाऊन बसते. कुणी विचारलंच तर आपण म्हणतो, "असू दे, साड्यांना वास लागतो." वास चार-सहा महिन्यांत उडून जातो. बाटली मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहते. ज्या दिवसांत ती वापरली ते दिवस टाकून द्यायला जीव धजत नाही, हेच खरे.

माझ्या कपाटात अशा तीन वस्तू आहेत. एक बाटली लग्नातली, एक मुलीच्या बारशातली आणि सर्वांत जुना म्हणजे स्प्रेचा एक जांभळा डबा, माहेराहून आणलेला. तो हलवला तर आत काही वाजत नाही, दाबला तर काही येत नाही. पण झाकण काढून नाक जवळ नेले की अजून कुठूनसा अगदी पुसट गोड वास येतो आणि मी थेट मिरजेला, आमच्या कॉलेजच्या वाटेवर जाऊन पोचते.

मी दहावी झाले २००४ साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांना वासाच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून आपल्याला हजारो वास ओळखता येतात, हे त्यांच्या कामामुळे समजत गेले. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जाते. वास मात्र ते ठाणे वगळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाशी सरळ जाऊन भिडतो. म्हणूनच जुना फोटो पाहिला तर आपण "हो, आठवतं" म्हणतो, आणि जुना वास आला तर एकदम डोळ्यांत पाणीच येते. मला त्या वेळी ह्यातले काही ठाऊक नव्हते. मला तेव्हा एकच ध्यास होता, आपल्या अंगाला छान वास यावा!

आमच्या घरी 'परफ्युम' हा शब्द परदेशातून आलेल्या वस्तूपुरता होता. बाकी सगळे 'सेंट'. आणि सेंट लावायचे नसते, ते मारायचे असते. अकरावीत आम्हा पाच मैत्रिणींमध्ये एक स्प्रे होता. शंभराच्या आसपास किंमत, वर्गणी काढून घेतलेला. टीव्हीवर स्पिन्झ, इव्हा ह्यांच्या जाहिराती असत आणि मुलांच्या बाकांवरून ॲक्सचा भपकारा येई. आमचा डबा आठवडाभर एकीच्या घरी, मग दुसरीच्या. ज्या आठवड्यात तो माझ्याकडे असे, तो आठवडा मला दिवाळीसारखा वाटे. एका मैत्रिणीचे मामा आखातात नोकरीला होते. ते येताना 'ब्लू लेडी' घेऊन आले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिने बाटलीचे झाकण एकेकीच्या मनगटाला टेकवले. नुसते टेकवले हं, ओतले नाही! आम्ही दिवसभर डावा हात जपून धरून वावरत होतो, जणू काही तो प्लास्टरमध्येच आहे.

त्याशिवाय मिरजेत अत्तर होतेच. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे आम्हा मुलींना मोठी पर्वणी. बाहेरगावची माणसे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्यासाठी येत. आम्ही बांगड्या, गारेगार आणि अत्तरासाठी जात असू. लाकडी पेटीत कप्पे, कप्प्यांत बोटभर कुप्या. हिना, खस, मजमुआ, गुलाब, मोगरा, केवडा. पेटीमागचे म्हातारे चाचा काचेच्या काडीने हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढत आणि दरवेळी एकच सांगत, "रगडू नको बेटा, आपोआप मुरू दे." दोन्ही हातांवर चार चार रेघा झाल्या की नाकाला काही म्हणजे काही कळेनासे व्हायचे. मग सर्वांत स्वस्त कुपी घेऊन आम्ही घरी!

आणि घरी काय, तर आईचा ठरलेला प्रश्न. "सेंट मारून कुठं निघालीस?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला कधी धड देता आले नाही. क्लासला निघाले होते, हे तिलाही दिसत होतेच. तिला विचारायचे होते ते वेगळेच होते, आणि तेही मला कळत होते. माझा भाऊ अर्धा डबा अंगावर रिकामा करून बाहेर पडायचा. त्याला कुणी काही विचारत नसे, फार तर "पंखा लाव रे" एवढे म्हणत. मुलीच्या अंगाला वास आला की मात्र त्याच्यामागे कारण लागते. सणाचे, लग्नाचे, हळदीकुंकवाचे कारण असले तर चालते. कारण नसले तर संशय!

आईलाही बोल लावण्यात अर्थ नाही. तिच्या वाट्याला सुगंध मोजूनमापूनच आला होता. सकाळी आंघोळीनंतर पॉन्ड्सची पावडर, तीही मानेला आणि चेहऱ्याला हलकेच. त्याआधी क्युटिक्युराचा डबा होता म्हणे. दिवाळीला उटणे, त्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या. आणि त्यावर मोती साबणाची गोल वडी, जी पाडवा झाला की पुन्हा कागदात जाई. श्रावणात केवड्याचे पान वेणीत आणि मग तेच सुकलेले पान ट्रंकेत. वर्षाचे पंचांगच होते ते वासांचे. चैत्रात दवणा, उन्हाळ्यात माठात वाळा, पावसाळ्यात बकुळीचा वळेसर. बकुळी सुकली तरी वास सोडत नाही, म्हणून ती वह्यापुस्तकांत ठेवायची. आमच्या पिढीने सेंट विकत घेतले तेव्हा लोकांना वाटले की बघा, आताच्या पोरींना वासाचे वेड. अहो, वेड जुनेच आहे. पूर्वी ते झाडावर उगवत होते, इतकेच.

माझ्या आजीची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकत असे. परसातला मोगऱ्याचा वेल तिने लावलेला. कळ्या संध्याकाळी तीच खुडायची, ओल्या फडक्यात ठेवायची आणि दोऱ्यात अशा काही नेटक्या ओवायची की फुलवालीने पाहत राहावे. आईला गजरा, काकूला गजरा, मला गजरा, शेजारच्या नव्या सुनेला गजरा. आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. तेव्हा आजीच्या बोटांना मोगऱ्याचा वास असे, केसांना कधीच नाही. मी एकदा तिच्या अंबाड्यात गजरा खोचायला गेले तर ती पटकन मागे सरली आणि म्हणाली, "मला नको गं, मला डोकं दुखतं." जिची बोटे दिवसभर मोगऱ्यात असत तिचे डोके मोगऱ्याने दुखत होते! ती गेली तेव्हा मी बारावीत होते. वेल पुढे बरीच वर्षे फुलत होता.

बी. ए. झाले आणि २०१२ साली लग्न होऊन मी जयसिंगपूरला आले. लग्नात सेंटच्या बाटल्या किती आल्या म्हणता! त्या वर्षी आहेरात घड्याळे कमी आणि सेंट जास्त. त्याच्या आदल्याच वर्षी फॉग बाजारात आलेले होते आणि "ह्यात गॅस नाही, नुसता सेंट" हे लहान मुलांनाही पाठ झाले होते. आमच्या ह्यांचा डबा कपाटात दर्शनी, माझ्या बाटल्या आत, साड्यांच्या मागे. पुढच्या वर्षी मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आईला वासानेच ओळखतं, काही फासू नका. ते मनापासून पटले. मग तिचे दूधपाणी, बालवाडी, सकाळची शाळा. मला एका शाळेत अर्ध्या वेळेचे काम मिळाले. अंगाला फोडणीचा, खडूचा आणि व्हिक्सचा वास. सणासमारंभाला बाटली निघायची, दोन फवारे मारून परत साड्यांच्या मागे.

तुमच्याही कपाटात अशी 'ठेवणीतली' बाटली असेल. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी भावाने परदेशाहून आणलेले सेंट धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी म्हणून दहा वर्षे जपले. लग्नाच्या दिवशी उघडले तर रंग चहासारखा आणि वास आंबूस. उजेड, उष्णता आणि हवा ह्या तिन्ही गोष्टी सेंटच्या शत्रू आहेत. त्यात मिसळलेली लिंबू-संत्र्यासारखी हलकी तेले सर्वांत आधी बिघडतात. जपून ठेवलेले सोने वाढते, जपून ठेवलेले सेंट उडून जाते!

हे जपण्याचे प्रकरण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतही फार दिवस रीत अशी की सेंट नवऱ्याने वाढदिवसाला आणावे आणि बायकोने ते शृंगारमेजावर शोभेला ठेवावे. स्वतः दुकानात जाऊन घेणे बायकांना अवघड वाटे. १९५३ साली एस्टी लॉडर ह्या बाईंनी 'यूथ ड्यू' नावाचे आंघोळीच्या पाण्यात घालायचे सुवासिक तेल काढले. ते अंगालाही लावता येई. आंघोळीचे तेल ही घरखर्चाची वस्तू, ती घ्यायला नवऱ्याची आणि वाढदिवसाची वाट कशाला पाहायची? बायका ते स्वतः घेऊ लागल्या आणि ते धडाक्याने खपले. पुढे १९७३ साली रेव्हलॉनचे 'चार्ली' आले. त्याच्या जाहिरातीतली बाई पँट घालून ताडताड चालणारी, स्वतःच्या पगारातून सेंट घेणारी. हे वाचले तेव्हा मला आमची वर्गणीची बाटली आठवली. पाच जणींनी रिक्षाचे पैसे वाचवून घेतलेली ती वस्तू कुणी दिलेली नव्हती, ही तिची खरी किंमत होती.

कारण आपल्याकडे बाईला सुगंध दुसऱ्याने द्यायचा असतो. हळदीकुंकू आठवा. दारात गुलाबपाणी शिंपडायचे, हाताच्या मागे अत्तर लावायचे, गजरा द्यायचा, वाण द्यायचे. मला तो समारंभ आवडतो, खोटे कशाला सांगू? पण त्या अत्तरदाणीची एक अट असते, आणि ती नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेली असते.

माझ्या सासूबाईंना गुलाबाचे अत्तर फार प्रिय. मामंजी नरसोबाच्या वाडीला गेले की येताना बासुंदी, कवठाची बर्फी आणि एक कुपी ठरलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चांदीची अत्तरदाणी घेऊन दाराशी त्याच उभ्या राहत. २०१८ साली मामंजी गेले. त्यापुढच्या संक्रांतीला सासूबाईंनी अत्तरदाणी चिंचेने लख्ख घासून माझ्या हातात दिली आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कुणी त्यांना सांगितले नव्हते. सांगावे लागतच नाही. मी "आई, बाहेर या ना," म्हटले, तर म्हणाल्या, "मला नको गं, अलीकडे त्या वासानं कसंसंच होतं." मला माझी आजी आठवली.

आणि मग २०२१ सालचा तो उन्हाळा. घरात करोना आला. आम्ही सगळे त्यातून उठलो, पण सासूबाईंचे नाक गेले ते गेलेच. दूध उतू जाऊन करपले तरी त्यांना पत्ता नाही. कांदा, हिंग, कापूर, सगळे सारखेच. जेवणावरची वासना उडाली. "भाकरी म्हणजे पुठ्ठा गं नुसता," असे म्हणून ताट सरकवायच्या. मला तेव्हा पहिल्यांदा समजले की वास ही चैनीची गोष्ट नव्हे. जेवणाची निम्मी चव तिच्यात आहे आणि गॅस गळतोय का हे सांगणारी राखणदारीणही तीच आहे.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, प्रत्येक वीसेक सेकंद शांतपणे हुंगायचा आणि तो वास मनात आठवायचा. हे काही महिने चालवायचे. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ सालीच तपासून पाहिली होती आणि करोनानंतर ती जगभर वापरली गेली. लिंबू-लवंग घरात होत्या, निलगिरीचे तेल औषधाच्या दुकानातून आणले. गुलाबाचे काय? टाळेबंदीत गुलाब कुठून आणायचे? मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या, देवघराच्या खालच्या खणातून रुमालात गुंडाळलेली मामंजींची शेवटची कुपी काढली आणि म्हणाल्या, "औषध म्हणून चालेल ना?"

चालेल म्हणजे काय, पळेल! रोज सकाळ-संध्याकाळ त्या चार वाट्या घेऊन बसायच्या. दीड महिना काही नाही. मग एके दिवशी, "लवंग कळली गं, लांबून बोलल्यासारखी." नंतर गुलाब आला, पण जळका. असे होते म्हणे, नाक परत शिकताना आधी चुका करते. चौथ्या महिन्यात एका सकाळी त्या बराच वेळ कुपी धरून बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर डोळे भरलेले. म्हणाल्या, "आला. तोच." मी पुढे काही विचारले नाही.

नाक पूर्ण बरे झाले तरी चार वाट्यांपैकी तीन वाट्या स्वयंपाकघरात परत गेल्या. चौथी वस्तू मात्र उशाशी राहिली. आंघोळ झाली की थेंबभर मनगटावर. मी पाहते आहे असे दिसले तेव्हा म्हणाल्या, "औषध अर्धवट सोडायचं नसतं."

त्यानंतरच्या वर्षी, ४ मे २०२२ रोजी, आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की आमच्या गावात ह्यापुढे विधवा प्रथा पाळली जाणार नाही. शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. बातमीत कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे ह्यांचा उल्लेख होता. सासूबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारले, "अत्तर-गजऱ्याचं काही लिहिलंय का गं?" मी म्हटले, "तसं दिसत नाही." "राहिलं असेल," असे म्हणून त्यांनी पेपराची घडी घातली.

ते राहिलेले आम्ही २०२३ च्या संक्रांतीला घरापुरते लिहून टाकले. अत्तरदाणी मी त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "दाराशी तुम्हीच उभ्या राहा. मला आत तिळगुळाचं बघायचंय." त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. काय झाले ते खरे तेच सांगते. बहुतेकींनी सहज हात पुढे केला. एका काकूंचा हात अर्ध्यावरच थांबला आणि पदराखाली गेला. त्यांच्या मागे गल्लीतली एक नवी सून होती, तिने मात्र दोन्ही हात पुढे केले. पुढच्या संक्रांतीला दोघीजणी आमच्याकडे आल्या नाहीत. मला वाईट वाटले. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. अत्तर उरलं." यंदा त्यांच्यापैकी एक आल्या. हात पुढे केला नाही, पण चहा घेऊन गेल्या. इतक्या वर्षांची सवय आहे, एका संक्रांतीत थोडीच जाणार?

आता माझ्या घरात तिसरी पिढी सुगंधाला लागली आहे. मुलगी बारा वर्षांची. तिच्या तोंडी 'बॉडी मिस्ट', 'व्हॅनिला' असले शब्द. दुकानात जाऊन झाकणाला नाक लावण्याची गरजच नाही, मोबाइलवर चित्र पाहायचे आणि मागवायचे. वास न घेता वास विकत घ्यायचा, हे मला अजून पचत नाही! पण तिला "कुठं निघालीस" असे विचारायचे नाही, हे मी ठरवले आहे. "किती मारलंस" हे मात्र विचारते, कारण ते विचारण्यासारखे आहे. चाळीस मुलांच्या बंद वर्गात सात-आठ जणींनी फवारे मारले तर शिकवणारीचे डोके उठते आणि दम्याच्या एखाद्या लेकराला त्रास होतो. आपला वास आपल्या हाताच्या अंतरापर्यंतच जावा, असा आमच्या घरचा नियम आहे. आपल्या नाकाला आपला वास काही मिनिटांतच कळेनासा होतो, म्हणून पुन्हा पुन्हा मारायचा मोह होतो. तो आवरायचा.

आणखी दोन-चार गोष्टी अनुभवाने सांगते. मिस्टमध्ये सुवासिक अर्क साधारण एक ते तीन टक्केच असतो, म्हणून तो तासा-दोन तासांत जातो. 'ओ द तॉयलेट' लिहिलेल्यात पाच ते पंधरा टक्के, 'ओ द पार्फम'मध्ये त्याहून जास्त. तेव्हा बाटलीच्या आकारावर न जाता ह्या अक्षरांवर जावे. त्वचा कोरडी असेल तर वास टिकत नाही. आधी थोडे खोबरेल लावावे, मग मनगट, मान, कोपराची आतली बाजू. घासू नये, चाचा म्हणत तसे मुरू द्यावे. मोत्यांची नथ किंवा तन्मणी घालायचा असेल तर सेंट आधी लावून वाळू द्यावे. मद्यार्काने मोत्यांचे पाणी जाते. पैठणीवर थेट फवारा नको, डाग पडतो. स्प्रेचा डबा गॅसच्या शेगडीजवळ किंवा निरांजनाजवळ कधीही दाबू नये, त्यातला वायू भडकतो. आणि डिओने घाम थांबत नाही, फक्त वास झाकला जातो. घामाला मुळात फारसा वास नसतो, त्वचेवरच्या जंतूंमुळे तो येतो. तेव्हा आंघोळ आणि धुतलेला कपडा ह्यांना पर्याय नाही. नवे काही घेतले तर आधी कोपराच्या आत एक थेंब लावून दिवसभर पाहावे, खाज सुटली तर नाद सोडावा.

खरे अत्तर घ्यायचे तर कनौजचे विचारावे. तिथे अजून तांब्याच्या डेगीत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली जाळ करतात आणि बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचे तेल असते, ते फुलांचा वास पिऊन घेते. आता चंदन परवडत नाही, म्हणून स्वस्त अत्तरात पॅराफिन असते, हे ध्यानात ठेवावे. तिथे भाजलेल्या मातीपासूनही अत्तर काढतात, पहिल्या पावसाच्या वासाचे. माझी दिवाळीची मागणी ठरलेली आहे.

मी अलीकडे सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी खसाचा एक थेंब लावते. सण नाही, समारंभ नाही, साधा मंगळवार असतो. फोडणी पडली की त्याचे काही चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी पहिली दहा मिनिटे ती माझी असतात. परवा आई मिरजेहून राहायला आली होती. दारातून आत येतानाच तिने नाक उडवले आणि सवयीने विचारले, "सेंट मारून कुठं निघालीस?"

"कुठंच नाही गं," मी म्हटले. "भाकऱ्या थापायच्यात."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने आपला हात पुढे केला आणि म्हणाली, "बघू, मलापण लाव जरा."